दगडाच्या मागावर सिन्नर : नाशकात नव्याने आलेल्यांसाठी दोन दिवसांची वाट

खाणींचं गाव म्हटलं की कोणाला कोलार आठवतं, कोणाला चंद्रपूर. कोलारला २००१ पर्यंत सोनं, चंद्रपूरला कोळसा. नाशिक जिल्ह्यात यातलं काही नाही. आपल्याकडे खाणी आहेत त्या दगडाच्या. डोंगराची एक बाजू कापलेली, खाली खडी क्रशर, आजूबाजूच्या बाभळींवर पांढरी धूळ. असल्या जागा बघायला मुद्दाम कोण जाणार? पण याच खाणींतून आणि शेतातल्या विहिरींतून निघालेले स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत ‘नाशिक, महाराष्ट्र’ अशी चिठ्ठी लावून काचेआड ठेवलेले आहेत. आणि त्याच डोंगरांचा भरीव दगड फोडून यादवांच्या काळात सिन्नरला देवळं उभी राहिली.

सिन्नर नाशिकहून जेमतेम तीस किलोमीटर. नोकरीनिमित्त, शिक्षणासाठी नाशकात आलेली मंडळी पहिल्या वर्षात त्र्यंबक, वणी, पंचवटी उरकतात. सिन्नरला बहुतेक जण शिर्डीला जाता जाता थांबतात, गोंदेश्वरापुढे फोटो काढतात आणि पुढे निघतात. माझा सल्ला वेगळा आहे. सिन्नर बघायचं तर आधी दगड बघा, मग देऊळ. क्रम उलटा झाला तर देऊळ नुसतं ‘जुनं आणि छान’ वाटतं, त्याच्यापलीकडे काही हाती लागत नाही.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. दुसऱ्या दिवशीचे पक्षी बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी गाठा. सिन्नर तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. इगतपुरीत धो धो पाऊस पडत असताना सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावांत लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यामुळे पावसाळ्यात इथे घाटमाथ्यासारखं धुकं, धबधबे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊ नका, कारण पुढे सांगतो.

बरोबर काय घ्यायचं? पाणी, टोपी, चांगला विजेरी टॉर्च (मोबाइलचा पुरत नाही), जाड मोजे, आणि असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंग स्टेशनरीच्या नाहीतर घड्याळाच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळं घ्या, नाहीतर दिवसभर त्यावरून भांडणं.

गाडी असेल तर उत्तम. नसेल तर पहिला दिवस एसटीने आणि रिक्षाने सहज होतो, दुसऱ्या दिवसासाठी मात्र दुचाकी किंवा भाड्याची गाडी लागेल. नाशिकहून पुण्याकडे, शिर्डीकडे, संगमनेरकडे जाणाऱ्या गाड्या सिन्नरवरून जातात, पण सिन्नरला बायपास झाल्यापासून प्रत्येक गाडी गावात शिरतेच असं नाही. चढण्याआधी कंडक्टरला एकच प्रश्न विचारा, “सिन्नर स्टँडला जाणार का, बाहेरून?” बाहेरून जाणारी गाडी तुम्हाला हायवेवर उतरवेल आणि मग रिक्षावाला सांगेल तो भाव. मुंबईहून पाहुणे येणार असतील तर त्यांना समृद्धी महामार्गाने गोंदे इथे उतरायला सांगा. तिथून सिन्नर जवळ आहे.

सकाळी आधी पांडवलेणी

सिन्नरला जायचं तर पांडवलेणी कशाला, असं वाटेल. कारण इथे तुम्हाला डोंगर आतून बघायला मिळतो. नाशिकच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. दादासाहेब फाळके स्मारकाजवळून पायऱ्या सुरू होतात. चढ वीस मिनिटांचा, सावकाश गेलात तर अर्ध्या तासाचा. सकाळी लवकर जा. शनिवार-रविवारी दहानंतर इतकी गर्दी होते की लेण्यांत आवाज घुमत राहतो आणि काही वाचणं, बघणं होत नाही.

एकूण चोवीस लेणी आहेत. सगळी सारख्या बारकाईने बघायची गरज नाही. तीन बघा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम तिने त्यात कोरून घेतलाय. त्याच लेण्याच्या ओसरीखाली डोक्या-खांद्यांवर भार पेलणारे यक्ष आहेत, ते वाकून बघा. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. मुदत ठेवीची ही पावती भिंतीवर कोरलेली आहे आणि तिच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात. अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह, भिक्षूंची प्रार्थनेची जागा, आत स्तूप.

आता लेख आणि मूर्ती बाजूला ठेवा आणि टॉर्च लावून नुसती भिंत बघा. दगड काळा-करडा आहे. हा बसाल्ट, मराठीत काळा पाषाण किंवा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, एकावर एक थर साचले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. प्रत्येक थर सारखा नसतो. थराचा मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट, भरीव. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, म्हणून तो पोकळ्यांनी भरलेला. विहिरी खोदणारे या सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की शेतकऱ्याचा चेहरा खुलतो, कारण त्यात पाणी मुरतं. घट्ट काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो.

दोन दिवस ही एक जोडी लक्षात ठेवा: भरीव दगड आणि पोकळ दगड. भरीव दगड शिल्पकाराचा. पोकळ दगडात, कोट्यवधी वर्षांत, खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या आतून स्फटिक वाढले. तो दगड संग्राहकांचा. पांडवलेण्यांच्या डोंगराचं नाव जगभरच्या खनिज संग्राहकांना ठाऊक आहे ते या परिसरातल्या खाणींत मिळालेल्या अशा स्फटिकांमुळे. म्हणून लेण्यांतून काही खरवडून घ्यायला हात मात्र नेऊ नका. ते संरक्षित स्मारक आहे आणि गुन्हा दाखल होतो.

मोहदरी घाटातून

पाथर्डी फाट्यावरून वडाळ्यामार्गे नाशिकरोड गाठा आणि पुणे रस्त्याला लागा. शिंद्याचा टोलनाका ओलांडला की पुढे मोहदरीचा छोटा घाट लागतो. घाट कसला, दोन-चार वळणं. पण रस्त्यासाठी कापलेल्या दरडी बघायला ही जागा चांगली. चालकाने बघू नये, बाकीच्यांनी बघावं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी लाल माती भाजल्यासारखी पट्टी दिसते. एक थर थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस होऊन माती झाली, मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला. घाटात गाडी थांबवायची नाही. ट्रक भरधाव असतात आणि रस्त्याची कड अरुंद आहे.

याच पट्ट्यात दगडाच्या खाणी आहेत. नवख्या माणसाला मोह होतो की आत जाऊन दोन-चार चमकणारे खडे उचलावेत. जाऊ नका. खाण कोणाच्या तरी मालकीची किंवा भाडेपट्ट्याची असते. सुरुंगाच्या वेळा बाहेरच्या माणसाला कळत नाहीत आणि सुटलेली दरड कधी येईल ते सांगता येत नाही. बंद पडलेल्या खाणींची तळी दिसायला निळीशार, आत सरळ कडा. पोहायला उतरलेली पोरं अशाच ठिकाणी बुडतात. खाण बघायचीच असेल तर ओळखीतून, मालकाच्या परवानगीने, कामाच्या सुट्टीच्या दिवशी, डोक्यावर हेल्मेट घालून.

गारगोटी संग्रहालय : इथे घाई नको

घाट ओलांडलात की माळेगाव एमआयडीसी. कारखान्यांच्या रांगेत, हायवेच्या जवळ, गारगोटी संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांच्या खासगी संग्रहातून २००१ मध्ये ते उभं राहिलं. तिकीट सरकारी संग्रहालयापेक्षा जास्त आहे, पण मी तरी कोणाला ते वाया गेलं म्हणताना ऐकलेलं नाही. वेळ आणि सुट्टीचा वार फोन करून विचारून घ्या. फोटोचे नियमही तिकीट काढतानाच विचारा.

आत गेल्यावर लोक आधी मोठ्या, चकचकीत, जांभळ्या गुहेसारख्या दगडांकडे धावतात. ते ॲमेथिस्ट, बहुतेक परदेशातले. ते बघायला हरकत नाही. पण तुम्ही दख्खनच्या पठाराचा विभाग आधी गाठा. पांडवलेण्यांच्या भिंतीत जो दगड पाहिलात त्याच्या पोटात काय असतं, ते इथे आहे. ओळखायला सोपी अशी काही नावं सांगतो.

स्टिलबाइट सगळ्यात जास्त दिसेल. रंग फिक्या नारिंगीपासून पीचपर्यंत. पात्यांचा जुडगा मध्ये आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला, हा त्याचा आकार एकदा डोक्यात बसला की पुन्हा चुकत नाही. अपोफिलाइट काचेसारखं पारदर्शक, टोकाला पिरॅमिड, कधी रंगहीन तर कधी हिरवं. उत्तम हिरवं अपोफिलाइट ही महाराष्ट्राचीच खासियत. दिव्याखाली स्वतःच्या जागेवरून थोडं डावी-उजवीकडे सरकून बघा, एका कोनात त्याचं पृष्ठ मोत्यासारखं चमकतं. स्कोलेसाइट म्हणजे पांढऱ्या सुयांचे फुलोरे. हुलांडाइटला जाड, वळणदार कडांचे पत्रे आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूची झाक.

ओकेनाइट हे पोरांचं लाडकं. दगडाच्या पोकळीत पांढरे कापसाचे बोळे ठेवलेत असं वाटतं आणि हात लावावासा वाटतो. लावायचा नाही. ते इतके नाजूक तंतू असतात की बोट टेकलं की कायमचा खड्डा पडतो.

दोन दुर्मीळ गोष्टी शोधून बघा. एक, कॅव्हनसाइट. गडद, भडक निळे छोटे गोळे, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले. व्हॅनेडियम या धातूमुळे तो रंग येतो आणि जगातले सर्वोत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आलेले आहेत. दोन, पॉवेलाइट. मधाच्या रंगाचे टोकदार स्फटिक, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो. हे आपल्या नाशिक परिसराचं. इथल्या खाणींत निघालेले पॉवेलाइटचे मोठे स्फटिक संग्राहकांमध्ये फार मानाचे आहेत. फलकावर ‘नाशिक’ किंवा ‘सिन्नर’ असं गाव लिहिलेलं दिसलं की तिथे थांबा. जो दगड फोडून रस्त्याची खडी होते त्याच दगडातून हे आलं आहे. एखाद्या कामगाराने सुरुंगानंतर पहारीने ढीग उपसताना पोकळी पाहिली, हात थांबवला आणि तुकडा बाजूला काढला, म्हणून तो क्रशरमध्ये गेला नाही.

निदान दीड तास द्या. बाहेरच्या दुकानात दगड विकायला असतात. घ्यायचा असेल तर काही गोष्टी पाहून घ्या. नमुन्याबरोबर खनिजाचं नाव आणि ठिकाण लिहिलेली चिठ्ठी मागा, कारण ठिकाण नसलेल्या दगडाची किंमत अर्धी. पावती घ्या. ओकेनाइट गुलाबी, आकाशी, पोपटी दिसलं तर ते रंगवलेलं असतं, निसर्गात ते पांढरंच. भडक निळा-जांभळा अगेटही बहुधा रंगवलेला. भिंगातून स्फटिकाच्या बुडाशी बघा. चिकटवलेला असेल तर डिंकाची चकाकी किंवा बुडबुडा दिसतो. हे सगळीकडच्या दगडांच्या बाजाराला लागू आहे, एकट्या सिन्नरला नाही. सुरुवातीला लहानसा, पण न तुटलेला स्टिलबाइट-अपोफिलाइटचा जोड घ्या. घरी नेल्यावर मऊ ब्रशने धूळ झटकायची, अ‍ॅसिड किंवा बाथरूम क्लीनर अजिबात नको, आणि टीव्हीच्या मागे किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवायचा नाही. या खनिजांच्या आत पाणी असतं. तापली की ती ठिसूळ होतात.

जेवून मग गोंदेश्वर

सिन्नर गावात शिरल्यावर आधी जेवून घ्या. स्टँडच्या आसपास साध्या खाणावळी आहेत, हायवेवर ढाबे आहेत. बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा मागा. पंजाबी थाळीसाठी इथवर येण्यात काही अर्थ नाही. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं तर बर्फाशिवाय एक ग्लास.

एमआयडीसी येण्याआधी हे गाव विड्यांसाठी ओळखलं जायचं. आजही जुन्या आळ्यांत मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कातरणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. बोलायला बऱ्या असतात, पण न विचारता फोटो काढू नका.

गावाचा इतिहास थोडक्यात. यादव घराणं इथलं. सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर ते सिन्नरच, असं मानलं जातं. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी नेली आणि सिन्नर मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच बहुधा देवळं टिकली.

गोंदेश्वर गावाच्या कडेला आहे, स्टँडवरून रिक्षाने काही मिनिटांत. पूर्वाभिमुख आहे, म्हणजे समोरच्या नक्षीवर उजेड सकाळी. पण मला दुपारनंतर चारच्या सुमाराची वेळ आवडते. तेव्हा तिरपं ऊन मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर येतं आणि शिखरावरची प्रत्येक खाच सावलीने उठून दिसते. इथे त्या मोज्यांचा उपयोग. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि सगळं देऊळ उंच दगडी जोत्यावर आहे. उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा, मग एप्रिल-मे का नको ते कळेल.

आत शिरलात की लगेच गाभाऱ्याकडे जाऊ नका. जोत्यावरून आधी एक पूर्ण फेरी मारा. हे शैव पंचायतन आहे. मधलं मोठं देऊळ शंकराचं, समोर नंदीमंडप, आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची चार छोटी देवळं. छोट्या देवळांपैकी एकाच्या आडोशाला उभं राहून मोठ्या शिखराकडे बघा. शिखराची घडण भूमिज पद्धतीची. खालून वरपर्यंत जाणाऱ्या मुख्य पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या आडव्या रांगा, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. एका रांगेतली छोटी शिखरं मोजून बघायला मुलांना सांगा. पंधरा मिनिटं शांतता मिळेल.

मग जवळ या आणि भिंतीवर हात न ठेवता, नाक लावून बघा. चुना दिसणार नाही. दगडावर दगड, खाच आणि खुंटी एकमेकांत अडकवून, वजनाच्या जोरावर उभे. सांधे इतके घट्ट की काही ठिकाणी नखही शिरत नाही. हे जमतं ते भरीव दगडातच. ज्या शिळेत पोकळ्या होत्या तिच्यावर नाजूक कोरीव काम टिकलेलं नाही. झिजलेली मूर्ती दिसली की तिच्या शेजारची न झिजलेली शोधा आणि दोघींचा दगड भिंगाखाली धरून तुलना करा. एकीत बारीक छिद्रं, पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे सकाळी काचेआड पाहिलेल्या खनिजांचीच भावंडं, आठशे-नऊशे वर्षं ऊन-पाऊस खात असलेली.

जोत्याच्या थरांत हत्तींची रांग आहे. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारं मगरीच्या तोंडाचं पन्हाळं देवळाच्या बाजूला शोधा. सभामंडपात टॉर्च लावा, पण थेट खांबावर मारू नका. खांबाच्या बाजूने तिरका धरा, म्हणजे कोरीव काम उठून येतं. खांबांवर, तुळयांवर माणसं, देव, नर्तकी, वेलबुट्टी खच्चून भरलेली आहे. गाभाऱ्यात पूजा चालू असेल तर टॉर्च बंद.

तिथे भेटणारा कोणीतरी सांगेल की हे हेमाडपंताने बांधलं. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. गोंदेश्वर साधारण बाराव्या शतकातलं मानलं जातं, म्हणजे त्याच्याआधीचं. हेमाडपंती हे नाव चुन्याशिवायच्या बांधणीला नंतर चिकटलं. वाद घालत बसू नका, मान हलवून पुढे जा. देवळाच्या कर्त्याविषयी राव गोविंद हे नाव परंपरेने सांगितलं जातं, गोविंदेश्वराचं गोंदेश्वर.

दीड-दोन तास सहज जातात. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड लावून फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी लागते, आणि प्री-वेडिंगवाल्यांना रखवालदार हाकलतो. बरं करतो.

गावातच दुसऱ्या बाजूला ऐश्वर्येश्वराचं देऊळ आहे, कोणी आयेश्वर म्हणतं. शिखर गेलेलं, लहान. म्हणून कोणी फिरकत नाही. पण अंतराळावरचं, म्हणजे सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या जागेवरचं, मकरतोरण बघण्यासाठी जा. दोन बाजूंना दोन मकर (मगरीसारखे काल्पनिक प्राणी) आणि त्यांच्या मुखांतून उसळणारी कमान. पंधरा मिनिटं पुरतात. पत्ता गुगलपेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलेला बरा.

मुक्कामाला सिन्नरला साधी लॉज आहेत. कुटुंब बरोबर असेल तर नाशिकरोडला परत जाऊन झोपणं सोयीचं, फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठावं लागेल.

दुसरा दिवस : पाण्याकडे की डोंगराकडे

दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका. हिवाळा असेल तर पाणी, नाहीतर डोंगर.

पाण्याकडे म्हणजे नांदूर मधमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं आणि पाणवनस्पती वाढल्या. जलसंपदेच्या हिशोबात हा तोटा, पण पक्ष्यांना तेच हवं होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची नोंद २०२० च्या जानेवारीत जाहीर झाली.

चापडगावच्या बाजूने शिरा. सिन्नरहून तासाभराचा रस्ता धरा, ऊसतोडीचे ट्रॅक्टर आडवे आले तर जास्त. सूर्योदयाला पक्षी बघायच्या मनोऱ्यावर असलं पाहिजे. नऊनंतर पक्षी लांब सरकतात आणि पाण्यावरची चमक डोळ्यांना त्रास देते. वनखात्याच्या चौकीवर तिकीट काढा आणि स्थानिक गाइड घ्याच. आजूबाजूच्या गावांतली ही मुलं दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप घेऊन असतात. तुम्हाला जो काळा ठिपका दिसतो त्याला ती नाव, वय आणि स्वभावासकट ओळखतात. वारकरी, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक हे हमखास. थंडीत थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब, क्रौंच. रोहित आले असतील तर गाइड पहिल्याच वाक्यात सांगेल, विचारायची गरज नाही. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. ड्रोन तर नाहीच. परतताना द्राक्षांचा हंगाम असेल, साधारण जानेवारी ते मार्च, तर निफाडच्या रस्त्यावर बागेतूनच पेटी घ्या.

डोंगराकडे जायचं तर सिन्नरच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर डुबेरे गाव. थोरल्या बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी इथल्या बर्वे वाड्यात झाला, हे त्यांच्या आईचं, राधाबाईंचं माहेर. वाडा आजही उभा आहे, पण तो संग्रहालय नाही, लोकांचं घर आहे. दारातून हाक मारा, विचारा, आत बोलावलं तरच जा, आणि दुपारी एक ते चार ही झोपेची वेळ टाळा. गावामागच्या डुबेरगडावर पायऱ्या आहेत, वर सप्तशृंगीचं देऊळ. तासाभरात वर-खाली होतं. वरून सिन्नरच्या बाजूचा सपाट, कोरडा मुलूख आणि पश्चिमेला उठत जाणाऱ्या सह्याद्रीच्या रांगा एकाच नजरेत येतात.

पायांत जोर असेल तर तिथून ठाणगावमार्गे पट्टा किल्ला गाठा. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज इथे विश्रांतीला थांबले, म्हणून विश्रामगड. वाट सोपी आहे, कुटुंबाला जमण्यासारखी. पायथ्याच्या पट्टावाडीपर्यंत गाडी जाते. वर अंबरखान्याची (धान्याच्या कोठाराची) इमारत, पाण्याची टाकी, आणि आजूबाजूच्या पठारावर पवनचक्क्या. गडावर वारा इतका की टोपी हातात धरावी लागते. टाक्यांच्या कडा बघा, तिथेही घट्ट कातळाचा थर निवडून खोदलेलं कळतं.

पट्ट्याला एसटीच्या भरवशावर जाऊ नका. स्वतःचं वाहन नसेल तर सिन्नरहून जीप ठरवताना येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधीच एकत्र बोलून घ्या. जेवणाची सोय हवी असेल तर गड चढण्यापूर्वी पायथ्याच्या वाडीत एखाद्या घरी सांगून ठेवा, किती माणसं आणि साधारण किती वाजता. खाली उतरेपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते. पैसे रोख लागतील, वाडीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.